मालेगावच्या जन्मदाखल्यांच्या आधी

देशाचे पासपोर्ट नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले जातात. त्याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावला, जानेवारी २०२५ मध्ये साध्या जन्मदाखल्यांवरून एसआयटी (विशेष तपास पथक) बसली. बांगलादेशी आणि रोहिंग्यांनी उशिराच्या नोंदी करून दाखले मिळवले, असा आरोप होता.

दाखल्यांसाठीची धावपळ त्याआधीची. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, पाठोपाठ एनआरसी, म्हणजे नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, येणार अशी चर्चा होती, आणि मालेगाव महापालिकेत दाखल्यांसाठी गर्दी उसळली. आजोबांचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर भलतंच, हे कुठल्याही जातिधर्माच्या घरात सापडेल. धास्ती मात्र सगळ्यांना सारखी नव्हती.

या धास्तीची मुळं फाळणीत आहेत. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचं झालं. रोख होता तो दंगलींच्या भीतीने तिकडे जाऊन आता घरी परतू पाहणाऱ्या मुसलमानांवर. हीच तारीख पुढे राज्यघटनेच्या नागरिकत्वाबद्दलच्या सहाव्या कलमात आली, आणि कायमच्या परतीचं परमिट सातव्यात. दोन्ही कलमांत धर्माचं नाव नाही. ते घालायचा प्रयत्न झाला होता, तोही आपल्याच माणसाकडून: ऑगस्ट १९४९ मध्ये विदर्भाचे पंजाबराव देशमुख यांनी दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू व शिखाला, तो कुठेही राहत असला तरी, नागरिकत्वाचा हक्क द्यावा, अशी दुरुस्ती मांडली. संविधान सभेने ती स्वीकारली नाही.

१९५२ मध्ये परमिट जाऊन पासपोर्ट आला. १९५४ मध्ये मुंबई राज्यातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, परमिटच्या कायद्याखाली भारतीय नागरिकाला देशाबाहेर काढता येणार नाही, असं ठरवलं.

देशमुखांची कल्पना वेगळ्या रूपात परतली ती २०१९ च्या कायद्यात: पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले सहा धर्मांचे लोक त्यात नावानिशी आहेत, मुसलमान नाहीत. याला निव्वळ निर्वासितांबद्दलची कणव म्हणणं मला पटत नाही. पाकिस्तानात छळ झालेले अहमदिया पंथाचे मुसलमान त्यात का नाहीत?

सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा लागू आहे. १९४६ च्या कायद्यातली एक तरतूद त्यात तशीच राहिली: आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्यावर संशय आहे त्याचीच.