ज्ञात सुरक्षा-मर्यादांची चाचणी (व्हर्जन कंट्रोल)

व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअरच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सुरक्षेतील ज्या उणिवा निर्मात्यांना आधीच ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी टेस्ट (आपोआप तपासणी करणारा छोटा प्रोग्राम) लिहावी की मॅन्युअलमधली नोंद पुरेशी मानावी, हा प्रोग्रामरांमधला एक वादविषय. अशी उणीव बग असतेच असे नाही. गिट या अशाच सॉफ्टवेअरमध्ये कमिटखालचे (नोंदवलेल्या बदलाखालचे) नाव ज्याचे त्याने सेटिंगमध्ये भरायचे असते, त्यामुळे कोणीही कोणाच्याही नावाने कमिट करू शकतो. खात्री हवी तर कमिटवर डिजिटल सही लागते. ही रचनाच असल्याने टेस्ट कशाची करायची, असे काही जण विचारतात. शिवाय टेस्ट पास झाली की तीच वागणूक योग्य, असा समज नवख्यांमध्ये रुजतो. ही भीती खरी आहे.

गिटच्या टेस्ट सूटमध्ये (टेस्टच्या संचात) त्यावर तोड आहे. जे व्हायला हवे तेच टेस्टमध्ये लिहायचे आणि ‘टेस्ट एक्स्पेक्ट फेल्युअर’ अशी खूण करून ती आज नापास होणार हे मान्य करायचे. पुढे कोणाच्या बदलाने ती पास झाली, तर ज्ञात बिघाड नाहीसा झाल्याचा संदेश सूट देतो.

टेस्ट कुठे ठेवायची, हे मात्र वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या प्रकल्पाला महागात पडून कळले. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ हॅश (मजकुरावरून काढलेला, त्याची ओळख ठरणारा आकडा) असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या. अशा टकरीपुढे (दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश एकच येण्यापुढे) आपली कॅश (तात्पुरता साठा) टिकते का, हे तपासणारी टेस्ट वेबकिटमध्ये आली आणि तिच्यासोबत त्या दोन्ही फाइली सबव्हर्जन या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअरच्या रेपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) कमिट झाल्या. जागा वाचवण्यासाठी सबव्हर्जन सारख्या हॅशचा मजकूर एकदाच साठवत असे. त्याने दुसरी फाइल पहिलीच समजून घेतली, चेकसम (मजकूर शाबूत आहे का हे पडताळणारे आकडे) जुळेनात आणि रेपॉझिटरी अडली. तपासायची होती कॅश, मोडले कोठार! फाइली काढल्यावरही त्रास लगेच थांबला नाही. म्हणून अशा टेस्टने आपली रेपॉझिटरी तात्पुरती तयार करावी आणि काम झाल्यावर पुसून टाकावी.

गिट या दोन फाइलींना फसत नाही, कारण हॅश काढण्यापूर्वी ते मजकुराआधी प्रकार व लांबी जोडते. तरीही २.१३ आवृत्तीपासून त्यात टक्कर ओळखणारे एसएचए-१ आले. त्याच्या टेस्टला त्यांतली एकच पीडीएफ पुरते. अशी टक्कर घडवणाऱ्या हल्ल्याची खूण एकट्या फाइलीतही सापडते.