व्हँडरबिल्ट कमोडोर्स : २०२० चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरात असलेल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने कोविड-१९ च्या साथीत खेळलेला हंगाम. २६ सप्टेंबर ते १२ डिसेंबर २०२० या अडीच महिन्यांत संघाने नऊ सामने खेळले आणि नऊच्या नऊ गमावले. दहावा सामना झालाच नाही. संघाचे एकूण गुण १३३, प्रतिस्पर्ध्यांचे ३३६. एवढ्यावर हा हंगाम कोणाच्या लक्षात राहिला नसता, कारण हरणे या संघाला नवे नव्हते. तो लक्षात राहिला तो ज्या खेळाडूमुळे, ती नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत या संघातच नव्हती.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल : लांबट चेंडूचा, शिरस्त्राण आणि खांद्यांचे कवच घालून खेळायचा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात. पुढच्या हकिकतीत दोन्ही खेळ येतात, म्हणून हा खुलासा आधीच केलेला बरा.

संघ आणि त्याची जागा

कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट हा आगबोटी आणि रेल्वेच्या धंद्यात गब्बर झालेला उद्योगपती. ‘कमोडोर’ हे त्याचे टोपणनाव. त्याच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून १८७३ मध्ये विद्यापीठ उभे राहिले आणि संघालाही तेच नाव पडले. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, ही महाविद्यालयीन फुटबॉलमधली सर्वांत तगडी मानली जाणारी साखळी. अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा, लुइझियाना स्टेट अशी त्यातली नावे. २०२० मध्ये साखळीत चौदा विद्यापीठे होती आणि त्यांत एकटे व्हँडरबिल्ट खाजगी. प्रवेश अवघड, अभ्यास कडक, आणि स्टेडियम साखळीत सर्वांत लहान म्हणावे असे, सुमारे चाळीस हजार आसनांचे. पैलवानांच्या आखाड्यात अभ्यासू पोरगा उतरावा तशी या संघाची गत असे.

मधल्या काळात बरे दिवसही येऊन गेले. जेम्स फ्रँकलिन प्रशिक्षक असताना २०१२ आणि २०१३ अशा लागोपाठ दोन हंगामांत संघाने प्रत्येकी नऊ सामने जिंकले. फ्रँकलिन पेन स्टेट विद्यापीठाकडे गेले आणि २०१४ पासून डेरेक मेसन यांच्याकडे संघ आला. त्यांची सर्वोत्तम वर्षे सहा विजयांची, २०१६ आणि २०१८. २०१९ मध्ये विजय तीनच, आणि त्यातले दोन साखळीबाहेरच्या संघांवरचे. ही शेवटची गोष्ट पुढे महागात पडली.

साथीतली व्यवस्था

ऑगस्ट २०२० मध्ये बिग टेन आणि पॅक-१२ या मोठ्या साखळ्यांनी शरद ऋतूतला हंगाम आधी लांबणीवर टाकला आणि नंतर शब्द फिरवून तो शरदातच, पण उशिरा सुरू केला. एसईसीने खेळायचेच ठरवले, पण बाहेरच्या संघांशी नाही : दहा सामने, दहाही आपापसांत. एरवी बारा सामन्यांपैकी आठ साखळीतले असत आणि उरलेल्या चारांत प्रत्येक जण एखाद-दुसरा सोपा प्रतिस्पर्धी बघून ठेवी. दुबळ्या संघाच्या विजयाच्या रकान्यात जे काही पडे ते बहुतेक याच सामन्यांतून. नव्या वेळापत्रकात ती सोय उरली नाही. व्हँडरबिल्ट नऊ वेळा हरले ते काही केवळ या कारणाने नव्हे, पण शून्य विजयांचा विचार करताना हे वजा करून चालत नाही.

दुसरा नियम माणसे मोजण्याचा. त्या वेळी एका संघात शिष्यवृत्तीवरचे खेळाडू जास्तीत जास्त ८५ असत. सामन्याच्या दिवशी त्यांतले किमान ५३ हजर हवेत, असे साखळीने ठरवले. शिवाय आक्रमणाच्या आघाडीच्या फळीतले किमान सात, बचावाच्या फळीच्या मध्यभागातले चार आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, एक. यांतले काहीही कमी पडले तर संघाला सामना पुढे ढकलण्याची मागणी करता येई. चाचण्या आठवड्यातून अनेकदा होत. पॉझिटिव्ह आलेला खेळाडू बाहेर जाई हे उघडच, पण खरी गळती संपर्कातल्यांची. एक जण पॉझिटिव्ह निघाला की त्याच्या खोलीतला, त्याच्या शेजारी बसून जेवलेला, असे सगळे चौदा दिवस विलगीकरणात, स्वतःची चाचणी निगेटिव्ह असली तरीही. त्यात दुखापती, आणि साथीच्या भीतीने आधीच ‘या वर्षी नको’ म्हणून बाजूला झालेले. मोठ्या संघांकडे राखीव फळी भक्कम होती. व्हँडरबिल्टकडे ती मुळात पातळ.

म्हणून या संघाच्या बाबतीत शनिवारी समोर कोण आहे यापेक्षा शुक्रवारी आपली डोकी किती, हा प्रश्न मोठा ठरला. १७ ऑक्टोबरला मिझुरीशी व्हायचा सामना याच कारणाने पुढे गेला. खेळाडू ५३ भरेनात. त्या हंगामात पुढे ढकलला गेलेला एसईसीचा हा पहिला सामना.

पराभवांची मालिका

सुरुवात खरे तर आशा वाटावी अशी होती. २६ सप्टेंबरला टेक्सास ए अँड एम या दहाव्या मानांकित संघाकडून त्याच्याच मैदानावर १७–१२ अशी हार झाली. तो संघ वर्षअखेर देशात चौथा आला, हे पाहता पाच गुणांचा फरक फार नाही. क्वार्टरबॅक केन सील्स तर नुकताच कॉलेजात आलेला, पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी. पण पुढच्या दोन शनिवारी घरच्या मैदानावर आधी लुइझियाना स्टेटने आणि मग साउथ कॅरोलायनाने नेमका तोच आकडा लावला : ४१–७ आणि ४१–७. मिसिसिपीने ५४ गुण केले, तो हंगामातला सर्वांत मोठा मार. त्यानंतर मिसिसिपी स्टेटविरुद्ध २४–१७ आणि केंटकीविरुद्ध ३८–३५ असे दोन सामने हातातोंडाशी येऊन निसटले. फ्लोरिडाने ३८–१७ असे हरवले. सात सामने, सात पराभव.

केंटकीकडून झालेला तीन गुणांचा पराभव मला या सगळ्यांत जास्त खुपतो. ३५ गुण करूनही हरायचे, तेही अशा वर्षी.

सेरा फुलर

२२ नोव्हेंबरला व्हँडरबिल्टच्या महिला सॉकर संघाने आर्कान्सॉला ३–१ हरवून साखळीची स्पर्धा जिंकली. १९९४ नंतरचे हे त्यांचे पहिलेच विजेतेपद. गोलरक्षक होती सेरा फुलर, टेक्सासची, सहा फूट दोन इंच उंचीची. त्याच आठवड्यात फुटबॉल संघाचे किकर, म्हणजे चेंडूला किक मारण्याचेच काम असलेले खेळाडू, संपर्कात आल्यामुळे बाजूला झाले. चेंडूला लांब आणि नेमकी किक मारणारे, चाचण्या नियमित झालेले दुसरे कोणी विद्यापीठात आहे का, याचा शोध सुरू झाला, आणि तो शेजारच्या मैदानाशी संपला. गोलरक्षकाला गोलकिकची सवय असतेच. बोलावणे आले, सराव झाला, आणि शनिवारी, २८ नोव्हेंबरला ती मिझुरीच्या मैदानावर ३२ क्रमांकाचा अंगरखा घालून उभी होती. शिरस्त्राणाच्या मागे लिहिले होते : ‘प्ले लाइक अ गर्ल’.

पूर्वार्ध संपला तेव्हा मिझुरी २१–० ने पुढे. व्हँडरबिल्टने एकही टचडाउन केले नव्हते, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात एकदाही नेला नव्हता, आणि त्यानंतरच्या जादा गुणाच्या किकसाठी किकरला कामच नव्हते. उत्तरार्धाची सुरुवात मात्र व्हँडरबिल्टने किक मारून करायची होती. फुलरने चेंडू उंच न उडवता मुद्दाम बुटका, जमिनीलगत तिरका मारला. तो तीस यार्ड गेला, मिझुरीच्या पस्तिसाव्या यार्डाच्या रेषेवर एका खेळाडूने त्यावर अंग टाकले, खेळ थांबला आणि ती धावत बाहेर आली. काही सेकंदांची गोष्ट. पण देशातल्या पाच बड्या साखळ्यांच्या सामन्यात स्त्री खेळाडू उतरण्याची ही पहिली वेळ होती. समाजमाध्यमांवर काहींनी ‘एवढीच किक?’ म्हणून नाके मुरडली. ती आखूड किक ठरवून मारलेली होती : चेंडू लगेच दाबला गेला की उलट धावत येणाऱ्या धटिंगणाला अडवण्याची वेळ किकरवर येत नाही. पुढे व्हँडरबिल्टला एकही गुण मिळाला नाही आणि तिला दुसरी संधीही. सामना ४१–० असा संपला. मध्यंतरात तिने गप्प बसलेल्या संघाला चार शब्द सुनावले, एकमेकांना ओरडून हिंमत द्या म्हणून. संघात येऊन आठवडाही न झालेल्या मुलीने हे बोलावे यातच त्या संघाची अवस्था कळते.

साखळीने त्या आठवड्याच्या विशेष पथकातील, म्हणजे किकच्या खेळींसाठी उतरणाऱ्या पथकातील, सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला विभागून दिला. ४१–० ने हरलेल्या संघातल्या, एकच किक मारलेल्या खेळाडूला हा मान देणे थोडे भाबडे वाटते. पण दोन आठवड्यांनी, १२ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध, जमाखर्च बरोबर झाला. पहिल्या चरणात टचडाउननंतरची जादा गुणाची किक तिने दोन खांबांच्या मधोमध घातली आणि फलक ७–७ झाला. नंतर आणखी एक. बड्या साखळ्यांच्या फुटबॉलमध्ये स्त्रीने मिळवलेले हे पहिले गुण. बड्या साखळ्यांच्या बाहेर असे आधी घडले होते : १९९७ मध्ये विलामेट विद्यापीठाच्या लिझ हिस्टनने, आणि २००३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या केटी नायडाने, असे जादा गुण मिळवले होते. सामना टेनेसीने ४२–१७ असा घेतला. २० जानेवारी २०२१ रोजी शपथविधीनंतरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांची ओळख करून द्यायला फुलरच होती.

प्रशिक्षक बदल आणि शेवट

मिझुरीकडून झालेल्या पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, मेसन यांना काढले. सात हंगामांत २७ विजय, ५५ पराभव. फुलरला मैदानात उतरवण्याचा निर्णय त्यांचा, आणि चोवीस तासांत नोकरी गेली, हा योग विचित्रच. टेनेसीचा सामना आक्रमणाचे प्रशिक्षक टॉड फिच यांनी हंगामी म्हणून सांभाळला. उरला तो जॉर्जियाशी व्हायचा सामना. तो ५ डिसेंबरवरून १९ डिसेंबरवर ढकलला होता, पण तेव्हाही डोकी भरली नाहीत, आणि मग रद्दच झाला. १४ डिसेंबरलाच क्लार्क ली यांची नेमणूक जाहीर झाली होती. ते याच संघाचे माजी खेळाडू.

त्या वर्षी कॅन्सससुद्धा नऊपैकी नऊ हरले, ॲरिझोना पाचपैकी पाच. मिशिगनसारखा नावाजलेला संघ सहांत दोनच जिंकू शकला. दुसऱ्या टोकाला अलाबामाने तेराच्या तेरा जिंकून राष्ट्रीय विजेतेपद घेतले.

एसईसीतला पुढचा विजय मिळायला व्हँडरबिल्टला १२ नोव्हेंबर २०२२ उजाडावे लागले. केंटकीला त्यांच्याच मैदानावर २४–२१ असे हरवले आणि साखळीतल्या सलग २६ पराभवांची माळ तुटली. त्यातले नऊ मणी २०२० चे.

टेनेसीच्या त्या विजयाचे पुढे काय झाले तेही नोंदवायला हवे. खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांबद्दल राष्ट्रीय क्रीडा संघटनेने २०२३ मध्ये टेनेसीचे २०१९ आणि २०२० मधले मिळून अकरा विजय रद्द ठरवले. त्यात १२ डिसेंबरचा ४२–१७ हाही गेला. मात्र असा विजय पुसला जातो तेव्हा तो प्रतिस्पर्ध्याला मिळत नाही. त्यामुळे टेनेसीच्या दप्तरी तो विजय नाही, आणि व्हँडरबिल्टच्या दप्तरी पराभव नऊच आहेत.