बिर्किर ब्यार्नासन: क्लब फुटबॉल सात देशांत, जर्सी मात्र एकाच देशाची

आइसलँडकडून सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला माणूस आइसलँडच्या लीगमध्ये वरिष्ठ पातळीवर एकदाही खेळलेला नाही. बिर्किर ब्यार्नासनच्या खात्यावर देशासाठी ११३ सामने आणि १५ गोल आहेत. क्लब फुटबॉल तो नॉर्वे, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड, इंग्लंड, कतार आणि तुर्कस्तान या सात देशांत, एकूण दहा संघांकडून खेळला. मायदेशात तो यायचा तो फक्त राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी.

आकडे पाहून वाटतं, हा खेळाडू कुठे टिकलाच नसेल. मला ते मान्य नाही. आइसलँडच्या फुटबॉलची घडणच अशी आहे की तिथला चांगला खेळाडू घराबाहेर पडतोच. बिर्किरची कारकीर्द त्या जुन्या वाटेवरची आहे, फक्त तिची वळणं इतरांपेक्षा जास्त.

देशाची लोकसंख्या २०१६ साली साधारण ३ लाख ३० हजार होती. आपल्याकडे एखाद्या मध्यम शहरात याहून जास्त लोक राहतात. हिवाळा लांब आणि अंधारा, त्यामुळे लीग मुख्यतः उन्हाळ्यात खेळली जाते. घरच्या लीगमध्ये खेळणारे बरेच जण दुसरी नोकरीही करतात. २०१८ च्या विश्वचषकात आइसलँडचा राइट बॅक असलेला बिर्किर माउर सेवार्सन त्या काळात मिठाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करत होता. (नावं सारखी असली तरी हे दोन बिर्किर वेगळे. ब्यार्नासन म्हणजे ब्यार्नीचा मुलगा. वडिलांचं नाव आपण मधे लावतो, तिथे ते शेवटी येतं आणि बहुतेकांना आडनाव नसतंच. म्हणून तिथे सगळे एकमेकांना पहिल्याच नावाने ओळखतात, मीही इथे तसंच करतोय.)

ज्याला फक्त फुटबॉलवर जगायचंय त्याला जहाज किंवा विमान गाठावंच लागतं. ही परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाली. अल्बर्ट गुडमुंडसन ग्लासगोच्या रेंजर्सकडून आणि लंडनच्या आर्सेनलकडून खेळला, मग फ्रान्समध्ये आणि मिलानमध्ये. परत येऊन तो राजकारणात गेला, देशाचा अर्थमंत्री झाला आणि १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभाही राहिला. १९७३ च्या जानेवारीत वेस्टमन बेटांवर ज्वालामुखी फुटला आणि एका रात्रीत बेट रिकामं करावं लागलं. त्याच वर्षी त्याच बेटांवरचा अठरा वर्षांचा मिडफिल्डर आउस्गेयर सिगुर्विन्सन बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजला गेला. पुढे तो बायर्न म्युनिककडून खेळला आणि १९८४ मध्ये स्टुटगार्टसोबत जर्मन लीग जिंकला. त्याच स्टँडर्ड लिएजमध्ये जवळपास चाळीस वर्षांनी बिर्किर पोचला. पायवाट अशीच पडते.

या वाटेचा एक फाटा पुण्यापर्यंतही आला होता. चेल्सी आणि बार्सिलोना गाजवलेला आयडर गुडजॉन्सन २०१६ च्या युरोनंतर (युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा) एफसी पुणे सिटीने करारबद्ध केला. पण हंगाम सुरू होण्याआधीच तो जखमी झाला आणि बालेवाडीत खेळलाच नाही. दीडेक वर्षाने गुडयॉन बाल्डविन्सन केरळा ब्लास्टर्सकडून काही सामने खेळून गेला.

बिर्किरचा जन्म २७ मे १९८८ चा, आकुरेयरीचा. हे देशाच्या उत्तरेचं गाव, एका लांबलचक फ्योर्डच्या (समुद्राच्या अरुंद खाडीच्या) टोकाला. तो लहान असतानाच कुटुंब नॉर्वेला गेलं, त्यामुळे त्याची घडण स्टावांगरच्या परिसरात झाली. आधी फिग्यो नावाच्या गावातल्या छोट्या क्लबमध्ये (तिथली चिनी मातीची भांडी प्रसिद्ध आहेत), मग स्टावांगरच्या वायकिंग क्लबमध्ये. आइसलँडच्या ज्या पिढीला ‘घुमटाखालची पिढी’ म्हणतात, ती २००० नंतर उभ्या राहिलेल्या बंदिस्त मैदानांवर वाढली. बाहेर बर्फ, आत कृत्रिम गवत आणि प्रशिक्षित कोच. बिर्किर त्या पिढीचा समवयस्क, पण त्या घुमटांखाली वाढलेला नाही. ही गोष्ट वर्णनांतून बहुतेक वेळा निसटते आणि सगळ्यांना एकाच साच्यात बसवलं जातं. नॉर्वेतच लहानाचा मोठा होऊनही तो आइसलँडच्या वयोगट संघांकडून खेळत राहिला. मला ते महत्त्वाचं वाटतं.

वायकिंगने २००८ मध्ये त्याला बोडो/ग्लिम्टकडे उसना दिला. हे शहर आर्क्टिक वर्तुळाच्याही वर. तिथे नियमित खेळायला मिळालं आणि परतल्यावर वायकिंगमध्ये त्याची जागा पक्की झाली.

ऑगस्ट २०१० मध्ये आइसलँडच्या २१ वर्षांखालील संघाने जर्मनीला ४-१ ने हरवलं. त्या संघात बिर्किर, गिल्फी सिगुर्डसन, कोल्बेन सिग्थोर्सन आणि आल्फ्रेड फिनबोगासन होते. पुढच्या वर्षी डेन्मार्कमधल्या युरोपीय स्पर्धेत ते बाद झाले खरे, पण शेवटच्या सामन्यात यजमानांनाच ३-१ ने हरवून. पाच-सात वर्षांनी जगाने ज्या संघाला डोक्यावर घेतलं, त्याचा पाया इथे घातला गेला. बिर्किरचं वरिष्ठ संघातलं पदार्पण मे २०१० मध्ये अँडोराविरुद्ध झालं होतं.

क्लबच्या पातळीवर मात्र नशिबाने त्याला चुकीच्या वेळी योग्य ठिकाणी नेलं. २०१२ च्या जानेवारीत तो लिएजला गेला आणि सहा महिन्यांत इटलीच्या पेस्काराकडे उसना. पेस्कारा नुकताच कोच झेमान यांच्या हाताखाली धडाक्यात सेरी आ, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये चढला होता. पण बिर्किर पोचला तेव्हा मांडव उठला होता. झेमान रोमाला गेलेले आणि मुख्य खेळाडूही पांगलेले: वेराट्टी पॅरिसला, इन्सिन्ये नापोलीला परत आणि इमोबिलेही गेलेला. उरलेल्या संघाने ३८ सामन्यांत २२ गुण मिळवले आणि तळाला राहून तो खाली गेला. मग जेनोआचा साम्पदोरिया, जिथे जागा पक्की झाली नाही. २०१४ मध्ये तो परत पेस्कारात आला, या वेळी दुसऱ्या श्रेणीत, आणि तिथे त्याचा खेळ खऱ्या अर्थाने फुलला. २०१५ च्या जूनमध्ये बढतीच्या प्लेऑफ फायनलमध्ये बोलोन्याशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले, ०-० आणि १-१. लीगमध्ये वरच्या क्रमांकावर असल्यामुळे बोलोन्या वर गेला. एकही सामना न हरता स्वप्न संपलं.

त्यानंतर बाझेल. स्विस विजेतेपद, चॅम्पियन्स लीगच्या गटात आर्सेनल आणि पॅरिस सां-जर्मां. क्लब कारकिर्दीतली त्याची सर्वांत स्थिर आणि यशस्वी दीड वर्षं हीच, आणि युरो २०१६ याच काळातला.

आइसलँडच्या त्या संघाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. २०१२ मध्ये आइसलँड फिफा क्रमवारीत १३१ वा होता. स्वीडनचे अनुभवी कोच लार्स लागरबॅक आले, त्यांच्या जोडीला हेइमिर हॉलग्रिमसन, व्यवसायाने दंतवैद्य आणि वेस्टमन बेटांचेच. त्यांनी साधी ४-४-२ ची (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन आघाडीचे) मांडणी केली. दोन ओळी जवळजवळ, मधली जागा बंद. अशा मांडणीत बाजूच्या मिडफिल्डरचं काम सगळ्यांत कष्टाचं. चेंडू गेला की धावत मागे येऊन बचावपटूला साथ द्यायची, चेंडू मिळाला की तेवढंच अंतर पुढे कापायचं. डाव्या बाजूला हे काम बिर्किरकडे होतं. गिल्फीकडे फ्री किक होत्या, आरोन गुन्नार्सनकडे लांब थ्रो आणि कप्तानपद. बिर्किरकडे धावणं होतं. धावण्याचं कौतुक हायलाइट्समध्ये दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये हा संघ विश्वचषकाच्या दारापर्यंत गेला होता. रेक्याविकमध्ये क्रोएशियाशी ०-०, झाग्रेबमध्ये ०-२. त्या पराभवानंतर संघ मोडला नाही. युरोच्या पात्रता फेरीत त्याने नेदरलँड्सला घरी आणि त्यांच्या मैदानावर, दोन्हीकडे हरवलं.

१४ जून २०१६, सेंट एतियेन. आइसलँडचा कुठल्याही मोठ्या स्पर्धेतला पहिला सामना, समोर रोनाल्डोचा पोर्तुगाल. ३१ व्या मिनिटाला नानीने गोल केला. मध्यंतरानंतर पाचव्या मिनिटाला योहान बर्ग गुडमुंडसनने उजवीकडून क्रॉस टाकला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून दूरच्या खांबाकडे गेला. पोर्तुगालचा राइट बॅक व्हिएरिन्या आत सरकला होता आणि त्याच्या पाठीमागे बिर्किर एकटा उभा. त्याने चेंडू जमिनीवर पडूच दिला नाही, हवेतल्या हवेत रुई पात्रिसिओच्या बाजूने जाळ्यात धाडला. मागे बांधलेले लांब सोनेरी केस, दोन्ही हात पसरलेले आणि निळ्या जर्सीतल्या प्रेक्षकांचा तो कोपरा. ८६ वर्षांच्या विश्वचषकांच्या आणि ५६ वर्षांच्या युरोंच्या इतिहासात आइसलँडचा हा पहिला गोल. डाव्या बाजूच्या ज्या माणसाने वर्षानुवर्षं इतरांसाठी जागा भरून काढली, त्यालाच त्या क्षणी मोकळी जागा मिळाली. सामना १-१ सुटला. पोर्तुगाल पुढे स्पर्धाच जिंकला.

हंगेरीशी बरोबरी, ऑस्ट्रियावर शेवटच्या क्षणी विजय आणि नीसमध्ये इंग्लंडवर २-१, हे सगळ्यांना माहीत आहे. पाचही सामन्यांत तेच अकरा जण सुरुवातीला उतरले. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने मध्यंतरालाच चार गोल केले होते. तरी ८४ व्या मिनिटाला बिर्किरने हेडरने गोल केला. २-५ असा तो पराभव झाला. स्पर्धेतला आइसलँडचा पहिला आणि शेवटचा, दोन्ही गोल त्याचे.

२०१७ च्या जानेवारीत तो अॅस्टन व्हिलात गेला, इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत. स्टीव्ह ब्रूस यांनी त्याला कधी बाजूला, कधी बचावात्मक मिडफिल्डर म्हणून खेळवलं, पण हक्काची जागा मिळाली नाही. २०१८ मध्ये व्हिला प्लेऑफ फायनल फुलहॅमकडून हरला. पुढच्या वर्षी डर्बीला हरवून प्रीमियर लीगमध्ये गेला, तोवर बिर्किर कडेला पडला होता. प्रीमियर लीगचा हंगाम सुरू झाल्यावर परस्पर संमतीने करार संपवण्यात आला.

त्या मधल्या काळात आइसलँड विश्वचषक गाठणारा तोवरचा सर्वांत कमी लोकसंख्येचा देश ठरला होता. १६ जून २०१८ ला मॉस्कोत अर्जेंटिनाशी १-१. हानेस हाल्डोर्सनने मेस्सीची पेनल्टी अडवली हे सगळ्यांना आठवतं. सामन्याच्या सुरुवातीलाच बिर्किरला मिळालेली संधी बाहेर गेली, हे फार थोड्यांना. नायजेरिया आणि क्रोएशियाकडून हरून संघ गटातच बाद झाला.

व्हिलानंतर काही आठवडे त्याच्याकडे क्लबच नव्हता. मग कतारच्या अल-अरबीत मित्र कप्तान आरोन गुन्नार्सन जखमी झाला. तिथले कोच होते तेच हेइमिर हॉलग्रिमसन. त्यांनी आरोनची जागा भरायला बिर्किरला काही महिन्यांच्या करारावर बोलावलं. अडीअडचणीला आपल्या माणसाला हाक मारायची, इतकं साधं. २०२० च्या जानेवारीत ब्रेशिया, पुन्हा सेरी आ, पुन्हा घसरलेला संघ, पुन्हा दुसरी श्रेणी. २०२१ मध्ये तुर्कस्तानचा अदाना देमिरस्पोर. हा रेल्वे कामगारांचा १९४० चा क्लब २६ वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतला होता. बालोटेली सोबतीला, कोच मोंटेला.

याच वर्षी आइसलँडचं फुटबॉल हादरलं. काही खेळाडूंवरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची हाताळणी नीट केली नाही म्हणून टीका झाली, महासंघाच्या अध्यक्षांनी आणि मग संपूर्ण कार्यकारिणीने राजीनामे दिले. जुना संघ विखुरला, कोवळी पोरं आली. त्यांच्यासोबत कप्तानाची पट्टी बांधून उभा राहिला तो तेहतीस वर्षांचा बिर्किर. निकाल वाईट येत होते. तो दर शिबिराला येत राहिला. रूनार क्रिस्टिन्सनचा १०४ सामन्यांचा विक्रम १९८७ ते २००४ अशा सतरा वर्षांत उभा राहिला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कोप्येत उत्तर मॅसेडोनियाविरुद्ध बिर्किर १०५ वा सामना खेळला. संघ १-३ ने हरला, विक्रमाचा आनंद साजरा करावा अशी ती रात्र नव्हती.

२०२३ मध्ये तो थोड्या काळासाठी वायकिंगला, म्हणजे जिथून निघाला तिथे परतला आणि त्याच वर्षी पुन्हा ब्रेशियात गेला. दुसऱ्या श्रेणीत टिकून राहण्याची धडपड सुरू होती. २०२५ च्या मे महिन्यात ब्रेशियाने मैदानावर स्थान वाचवलं, आणि मग थकबाकीच्या प्रकरणात क्लबचे ४ गुण कापले गेले. ब्रेशिया खाली गेला. त्या कपातीमुळे जो संघ थेट घसरण्यापासून वाचला आणि ज्याला प्लेआउटची, म्हणजे श्रेणीत टिकण्यासाठीच्या लढतीची, आणखी एक संधी मिळाली, तो साम्पदोरिया होता, बिर्किरचाच जुना क्लब. काही आठवड्यांत १९११ साली स्थापन झालेला ब्रेशिया व्यावसायिक फुटबॉलमधूनच बाहेर पडला.