संभाव्यता व सांख्यिकी : माध्यमिक बीजगणितातील सराव

माध्यमिक शाळेच्या बीजगणितात समीकरणे व श्रेढी यांच्या सोबतीने येणारा, अनिश्चित घटना मोजण्याचा आणि सामग्रीचा सारांश काढण्याचा अभ्यासभाग. संभाव्यतेत यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश, घटना आणि घटनांची बेरीज-गुणाकार एवढे मुद्दे येतात. सांख्यिकीत वारंवारता सारणी, मध्य (सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य), बहुलक (सर्वाधिक वेळा येणारे मूल्य), प्रमाण विचलन (मध्याभोवतीच्या पसरणीचे माप) आणि आलेख येतात. यातली सूत्रे थोडी व सोपी आहेत. गुण जातात ते बहुधा आकडेमोडीत नव्हे, तर त्याआधीच्या पायरीवर : निष्पत्ती मोजताना, छेद ठरवताना, सारणीचा योग्य स्तंभ निवडताना. त्यामुळे सरावाचा भरही तिथेच हवा.

नमुना अवकाश

प्रयोगाच्या सर्व शक्य निष्पत्तींचा संच म्हणजे नमुना अवकाश. निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्य, असतील तर घटनेची संभाव्यता = घटनेतील निष्पत्तींची संख्या ÷ नमुना अवकाशातील निष्पत्तींची संख्या. ‘समसंभाव्य’ ही अट वगळून सूत्र पाठ केले की पहिली चूक ठरलेलीच. दोन नाणी फेकल्यावर ‘दोन छापे, दोन काटे, एक-एक’ असे तीनच प्रकार लिहून प्रत्येकाला १/३ देणे ही ती चूक. खरा नमुना अवकाश चार निष्पत्तींचा आहे : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. म्हणून एक छापा व एक काटा येण्याची संभाव्यता १/२ ठरते.

ही चूक नवशिक्यांपुरती नाही. दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये ३/४ ऐवजी २/३ मानली. पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला, असे धरून त्यांनी तीन निष्पत्ती मोजल्या, पण त्या समसंभाव्य नव्हत्या. दोन फाशांवर ११ आणि १२ ही बेरीज येणे सारखेच शक्य आहे, असे लायब्निट्स यांना वाटले होते. प्रत्यक्षात ११ दोन प्रकारे येते (५,६ आणि ६,५), तर १२ एकाच प्रकारे. तीन फाशांवर ९ आणि १० या दोन्ही बेरजा सहा-सहा जुळण्यांनी मिळतात, तरी १० अधिक वेळा का येते, हे गॅलिलिओने क्रम धरून मोजून दाखवले. २१६ निष्पत्तींपैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ निष्पत्ती आहेत. ३, ३, ३ ही जुळणी एकाच क्रमाने येते, पण १, ३, ६ ही सहा क्रमांनी येते, हे त्यामागचे कारण.

दोन फाशांसाठी ६ × ६ ची चौकट आखणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. आडव्या ओळीत पहिला फासा, उभ्या स्तंभात दुसरा, प्रत्येक घरात बेरीज. बेरीज ७ ची सहा घरे एका कर्णावर पडतात आणि दोन्ही बाजूंना ती ५, ४, ३, २, १ अशी घटत जातात. ही चौकट दोन-चार वेळा हाताने भरली की ‘बेरीज ९ पेक्षा जास्त’ म्हणजे १०, ११, १२ मिळून ३ + २ + १ = ६ घरे, अर्थात ६/३६ = १/६, हे दिसूनच येते. ‘९ किंवा त्याहून जास्त’ म्हटले की आणखी ४ घरे येऊन उत्तर १०/३६ होते. ‘पेक्षा जास्त’, ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’ या शब्दांखाली रेघ मारूनच मोजायला बसावे.

पत्त्यांच्या उदाहरणांत संच आधी डोळ्यांसमोर हवा : ५२ पत्ते, चार रंगांचे प्रत्येकी १३, बदाम व चौकट लाल, इस्पिक व किलवर काळे. चित्रयुक्त पत्ते १२, म्हणजे राजा, राणी, गुलाम प्रत्येकी चार. एक्का चित्रयुक्त धरत नाहीत. तो धरून १६ लिहिणे ही इथली नेहमीची घसरण.

बेरीज आणि गुणाकार

‘किंवा’ दिसले की बेरीज आणि ‘आणि’ दिसले की गुणाकार, हा वर्गात फिरणारा ठोकताळा अर्धवट आहे. पत्ता राजा किंवा बदाम असण्यासाठी ४/५२ आणि १३/५२ यांची नुसती बेरीज केली तर बदामचा राजा दोनदा मोजला जातो. तो एकदा वजा केला की १६/५२ = ४/१३ मिळते. वजाबाकी लागत नाही ती फक्त परस्पर अपवर्जी घटनांना, म्हणजे ज्या एका वेळी घडूच शकत नाहीत त्यांना. स्वतंत्र घटना ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे एक घटना घडल्याने दुसरीची संभाव्यता बदलत नाही. शून्येतर संभाव्यतेच्या दोन अपवर्जी घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत, कारण एक घडली की दुसरीची संभाव्यता शून्यावर येते. या दोन संज्ञांची सरमिसळ इतकी रुळलेली आहे की दोन्हींची उदाहरणे शेजारीशेजारी सोडवलेली बरी.

‘निदान एकदा’ या प्रश्नांत पूरक घटना वापरावी. फासा चार वेळा टाकल्यास निदान एकदा ६ येण्याची संभाव्यता १/६ चारदा मिळवून ४/६ होत नाही. हाच हिशेब सहा फेकींपर्यंत नेला तर उत्तर १ येते, म्हणजे सहा फेकींत ६ येणे अटळ ठरते. ते खोटे आहे, हे फासा हातात धरलेल्या कोणालाही कळते. बरोबर रीत : एकदाही ६ न येण्याची संभाव्यता (५/६)⁴ = ६२५/१२९६, ती १ मधून वजा करून ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५२.

सशर्त संभाव्यतेत चूक छेदात होते. समजा ५० जणांपैकी ३० जणांना पोहता येते, २० जणांना सायकल येते आणि १२ जणांना दोन्ही. ‘दोन्ही येणारा’ १२/५०, ‘पोहता येणाऱ्यांपैकी सायकल येणारा’ १२/३०, ‘सायकल येणाऱ्यांपैकी पोहता येणारा’ १२/२०. अंश तिन्हींत तोच आहे, बदलतो तो ‘पैकी’च्या आधीचा गट. इथे १२/३० आणि २०/५० दोन्ही ०.४ आहेत, म्हणून या गटात दोन्ही घटना स्वतंत्र आहेत. दोन आडव्या आणि दोन उभ्या घरांचे कोष्टक, कडेला बेरजा, एवढे मांडले की पुढचे सगळे वाचून लिहिता येते.

संभाव्यता आणि समीकरणे खऱ्या अर्थाने एकत्र येतात ती अज्ञात संख्येच्या उदाहरणांत. पिशवीत क्ष चेंडू आहेत, त्यांतले ५ लाल. परत न ठेवता लागोपाठ दोन चेंडू काढले, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता ५/१४ आहे. मांडणी : (५/क्ष) × ४/(क्ष − १) = ५/१४. यावरून क्ष² − क्ष − ५६ = ०, म्हणजे (क्ष − ८)(क्ष + ७) = ०. चेंडूंची संख्या ऋण नसते, म्हणून क्ष = ८. पडताळा : ५/८ × ४/७ = २०/५६ = ५/१४. ‘परत न ठेवता’ हे शब्द निसटले तर २५/क्ष² = ५/१४, म्हणजे क्ष² = ७० येते आणि पूर्णांक उत्तर मिळत नाही. असे झाले की आकडेमोड पुन्हा करण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा.

वर्गीकृत सामग्री

मध्य, मध्यक, बहुलक या तिन्हींचा सराव एकाच सारणीवर करावा. तीन वेगळ्या सारण्यांवर केल्यास उत्तरांची एकमेकांशी तुलना करता येत नाही. पुढील सारणीत ४० जणांना एका कामासाठी लागलेला वेळ मिनिटांत दिला आहे.

वर्ग | वारंवारता | संचित वारंवारता
०–१० | ४ | ४
१०–२० | ८ | १२
२०–३० | १४ | २६
३०–४० | ९ | ३५
४०–५० | ५ | ४०

मध्य : वर्गमध्य ५, १५, २५, ३५, ४५. सरळ पद्धतीने गुणाकारांची बेरीज २० + १२० + ३५० + ३१५ + २२५ = १०३०, तिला ४० ने भागून २५.७५. मध्यप्रमाण विचलन पद्धतीत गृहीतमध्य २५ घेतला की वर्गांतर १० ने भागलेली विचलने −२, −१, ०, १, २ होतात. वारंवारतेने गुणून त्यांची बेरीज −८ − ८ + ० + ९ + १० = ३. मध्य = २५ + (३/४०) × १० = २५.७५. शेवटी वर्गांतर १० ने गुणायचे विसरले की २५.०७५ येते. हे उत्तर दिसायला ठीक वाटते, म्हणून पकडले जात नाही. गृहीतमध्य कोणताही घेतला तरी उत्तर तेच यायला हवे, तेव्हा एकदा ३५ घेऊन पाहावे. चूक असेल तर लगेच उघडी पडते.

मध्यक : ४० ÷ २ = २०. संचित वारंवारता २० च्या पुढे पहिल्यांदा जाते तो वर्ग २०–३०. मध्यक = २० + [(२० − १२)/१४] × १० = २५.७१. इथे मध्यकीय वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे १२, घ्यायची असते. त्याच ओळीतली २६ घेतली तर २० + (−६/१४) × १० = १५.७१ येते. मध्यक आपल्याच वर्गाबाहेर पडतो, आणि तेवढ्यावरून चूक ओळखावी.

बहुलक : सर्वाधिक वारंवारता १४, आधीची ८, नंतरची ९. बहुलक = २० + [(१४ − ८)/(२८ − ८ − ९)] × १० = २० + ६०/११ = २५.४५. ‘बहुलक १४’ असे लिहिणारे पुष्कळ असतात. १४ ही वारंवारता आहे, मिनिटे नव्हेत.

तिन्ही उत्तरे जवळजवळ आली, कारण सामग्री दोन्ही बाजूंना बरीचशी सारखी पसरलेली आहे. एखादे लांबचे मूल्य मध्याला आपल्याकडे ओढते, मध्यक मात्र बहुधा फारसा हलत नाही. वर्ग १०–१९, २०–२९ असे तुटक असतील तर सूत्र लावण्याआधी ते ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करावेत. वर्गांतर १० आहे, ९ नव्हे.

अज्ञात वारंवारतेच्या उदाहरणात समीकरण एकघाती असते. प्राप्तांक २, ४, ६, ८, १० आणि वारंवारता ३, क्ष, ५, ४, २, मध्य ६. गुणाकारांची बेरीज ८८ + ४क्ष, एकूण वारंवारता १४ + क्ष. ८८ + ४क्ष = ६(१४ + क्ष), म्हणून क्ष = २. छेदातला क्ष विसरून १४ ने भागले तर क्ष = −१ निघतो, आणि वारंवारता ऋण नसते.

वृत्तालेखात वरील सारणीचे केंद्रीय कोन ३६°, ७२°, १२६°, ८१°, ४५° येतात. कंपास उचलण्याआधी त्यांची बेरीज ३६०° भरते का ते पाहावे. आयतालेखात वर्गांतरे असमान असतील तर उंची वारंवारतेइतकी नव्हे, तर वारंवारता भागिले वर्गांतर या प्रमाणात घ्यावी लागते, कारण वारंवारता क्षेत्रफळाने दाखवली जाते.

प्रयोग

नाणे २० वेळा उडवल्यास नेमके १० छापे येण्याची संभाव्यता सुमारे ०.१८ इतकीच आहे. तेव्हा वर्गात केलेल्या प्रयोगात ७ किंवा १२ छापे आले तर प्रयोग फसला असे नाही. सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून सापेक्ष वारंवारता, म्हणजे छापे ÷ एकूण फेकी, काढत जावी. ब्यूफाँ यांच्या ४०४० फेकींत २०४८ छापे आले, जॉन केरिच यांच्या १०,००० फेकींत ५०६७, तर कार्ल पिअर्सन यांच्या २४,००० फेकींत १२,०१२. निम्म्याहून जादा आलेले छापे अनुक्रमे २८, ६७ आणि १२ आहेत. फेकी वाढल्या म्हणून हा फरक घटलाच पाहिजे असे नाही, ०.५ कडे सरकते ते गुणोत्तर. सलग पाच छाप्यांनंतर ‘आता काटा येणार’ ही समजूत याच ठिकाणी चुकते : सहाव्या फेकीची संभाव्यता १/२ च राहते, आणि आधीचे पाच छापे कोणी भरून काढत नाही.

विस्तार आणि प्रमाण विचलन

४, ७, ७, १०, १२ यांचा मध्य ८. विचलने −४, −१, −१, २, ४. यांची बेरीज नेहमी शून्य येते, म्हणून त्यांचा वर्ग करावा लागतो. बेरीज शून्य आली नाही तर मध्यच चुकला आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. वर्गांची बेरीज ३८, प्रचरण (वर्गांची सरासरी) ३८/५ = ७.६, प्रमाण विचलन (त्याचे वर्गमूळ) सुमारे २.७६. प्रत्येक संख्येत ३ मिळवल्यास मध्य ११ होतो, प्रमाण विचलन तेच राहते. प्रत्येक संख्येची दुप्पट केल्यास दोन्ही दुप्पट होतात, प्रचरण मात्र चौपट. कॅल्क्युलेटरवर बहुधा दोन प्रमाण विचलने मिळतात : एकात छेद ५, दुसऱ्यात ४. पाचच संख्या ही संपूर्ण सामग्री असेल तर पहिले घ्यावे. त्या मोठ्या समुदायातून घेतलेला नमुना असतील आणि समुदायाचा अंदाज हवा असेल तर दुसरे, म्हणजे सुमारे ३.०८. उत्तर पाठ्यपुस्तकाशी जुळत नसेल तर आधी कोणते बटण दाबले ते पाहावे.