ज्युनिअर आशिया चषक हॉकी स्पर्धा

आशियाई हॉकी महासंघातर्फे २१ वर्षांखालील खेळाडूंसाठी घेतली जाणारी मैदानी हॉकीची खंडीय स्पर्धा. ज्युनिअर विश्वचषकासाठी आशियातून कोणते संघ जाणार, हे सर्वसाधारणपणे येथे ठरते. पुरुष आणि महिलांच्या स्पर्धा स्वतंत्र असतात.

वर्तमानपत्रांत या स्पर्धेची बातमी बहुधा भारत-पाकिस्तान अंतिम सामन्यापुरती येते. पण दोघेही अंतिम फेरीत पोहोचेपर्यंत त्यांच्या पात्रतेचा प्रश्न बहुधा सुटलेला असतो. खरी ओढाताण चालते ती खालच्या क्रमांकांसाठी, आणि किती क्रमांकांपर्यंत दार उघडे आहे हे दर वेळी बदलते.

२०२३ मध्ये ओमानमधील सलालाह येथे झालेल्या पुरुषांच्या स्पर्धेवेळी ज्युनिअर विश्वचषक १६ संघांचा होता. यजमान मलेशियाला थेट प्रवेश होता. उरलेल्या आशियाई जागा तीनच. त्या भारत, पाकिस्तान आणि दक्षिण कोरियाने पटकावल्या. जपानच्या वाट्याला भारत आणि पाकिस्तान असलेला गट आला. दोघांकडूनही हरल्याने तो गटातच अडकला आणि विश्वचषकाला मुकला. पुढच्याच वर्षी मस्कतमध्ये चित्र पालटले. २०२५ चा विश्वचषक २४ संघांचा आणि भारतातच असल्याने यजमान धरून आशियाचे सात संघ पात्र ठरणार होते, आणि मस्कतमध्ये खेळत होते दहा. जपान या वेळी तिसरा आला. बांगलादेश पाचवा आला आणि प्रथमच ज्युनिअर विश्वचषकात पोहोचला. ही केवळ हजेरी ठरली नाही. चेन्नई आणि मदुराईतील त्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे १८ गोल केले ते बांगलादेशच्या अमीरुल इस्लामने. पाकिस्तानने त्या स्पर्धेतून माघार घेतल्यावर, मूळ यादीत नसलेल्या ओमानलाही जागा मिळाली.

दहा संघ असले की पाच-पाचांचे दोन गट पडतात. गटातील पहिले दोन उपांत्य फेरीत जातात, तिसरे-चौथे पाच ते आठ या क्रमांकांसाठी झुंजतात. सामना ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांच्या चार सत्रांचा. बाद फेरीत बरोबरी झाल्यास शूटआउट. त्यात आक्रमकाला गोलरक्षकाला चकवून गोल करायला आठ सेकंद मिळतात.

गुणांची बरोबरी झाल्यास गोलफरक कामी येतो, आणि त्यामुळे दुबळ्या संघांची फारच दैना होते. सलालाहमध्ये भारताने चिनी तैपेईला १८-० आणि थायलंडला १७-० असे हरवले. साखळीत भारत-पाकिस्तान सामना १-१ असा सुटल्यामुळे दोघांचे गुण सारखे झाले आणि गटात अव्वल कोण, ते या गोलांच्या राशीवरच ठरले. अशा सामन्यांतून हरणाऱ्या संघाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न रास्त आहे. मात्र आशियातील हॉकीची दरी एवढी खोल असताना संघांची संख्या वाढवायची तर हे टळणारे नाही.

पुरुषांच्या पहिल्या तिन्ही स्पर्धा पाकिस्तानने जिंकल्या. भारताचे पहिले विजेतेपद २००४ चे, तेही कराचीत आणि पाकिस्तानला ५-२ असे नमवून. पेनल्टी कॉर्नरवर (नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या गोलच्या संधीवर) ड्रॅग-फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत वेगाने भिरकावणारा फटका, मारणाऱ्या संदीप सिंगचे नाव त्या स्पर्धेने गाजवले. २००८ मध्ये हैदराबादेत घरच्या मैदानावर भारताने चषक राखला. २०१५ मध्ये मलेशियातील क्वांतान येथे पुन्हा पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना झाला. भारत ६-२ असा जिंकला आणि त्यातले चार गोल हरमनप्रीत सिंगचे होते. पुढे तो वरिष्ठ संघाचा कर्णधार झाला. ढाक्यात २०२१ मध्ये ठरलेली स्पर्धा कोविडच्या साथीमुळे झालीच नाही. त्यानंतर सलालाहमध्ये २-१ आणि मस्कतमध्ये ५-३, असे दोन्ही अंतिम सामने भारताने पाकिस्तानविरुद्धच जिंकले; एकूण विजेतेपदे पाच झाली. मस्कतच्या अंतिम सामन्यात अराईजीत सिंग हुंदलने चार गोल केले. माजी गोलरक्षक पी. आर. श्रीजेशचे प्रशिक्षक म्हणून ते पहिले विजेतेपद होते.

महिलांमध्ये भारताला बराच काळ थांबावे लागले. पहिले विजेतेपद जून २०२३ मध्ये जपानमधील काकामिगाहारा येथे मिळाले; अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ अशी मात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्कतला चीनविरुद्ध १-१ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये तो चषक राखला गेला. काकामिगाहारातल्या संघात वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या सातारा जिल्ह्यातल्या खेळाडू होत्या. महाराष्ट्राचा आदित्य लालगे त्याच वर्षी सलालाहमध्ये पुरुष संघातून खेळला.