छोट्या लिंकमध्ये लांब पत्ता दडलेला नसतो

गोव्यात जत्रेच्या, नाटकांच्या पत्रकांवर छोटी लिंक छापतात. वेबपानाचा लांब पत्ताच दाबून लहान केलाय, म्हणजे ती कायम चालणार, असा समज आहे. तसं नाही! लिंकच्या शेवटच्या त्या पाच-सहा अक्षरांत मूळ पत्त्यातलं काहीच नसतं. छोट्या लिंकची सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर फक्त नोंद असते: या अक्षरांसमोर हा पत्ता. क्लिक केलं की सर्व्हर ३०१ किंवा ३०२ या ‘पान दुसरीकडे आहे’ सांगणाऱ्या कोडसोबत खरा पत्ता कळवतो आणि ब्राउझर तिकडे जातो. नोंद पुसली की लिंक मेली, मूळ पान शाबूत असलं तरी. गूगलने २०१९ मध्ये आपल्या goo.gl या छोट्या लिंकच्या सेवेत नव्या लिंक देणं थांबवलं. फोंड्यातल्या नाट्यमंडळांची स्मरणिका तर वर्षानुवर्षं घरात राहते. तिच्यावर स्वतःच्या डोमेनचाच, म्हणजे स्वतःच्या नावाने नोंदवलेल्या वेबसाइटचाच, छोटा पत्ता छापावा. पान हललं तरी नोंद आपल्या हातात राहते.