डांबरगोळ्यांनी गटाराचा वास जात नाही

'वॉशिंग मशीनजवळच्या मोरीतून गटाराचा वास येतोय? जाळीवर चार डांबरगोळ्या ठेवा, वास कायमचा जाईल' हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. गोळ्यांच्या उग्र वासाने गटाराचा वास झाकला जातो, म्हणून सल्ला खरा वाटणं साहजिक आहे. पण गटाराचा वायू घरात येतच राहतो.

त्याला अडवतं ते जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातलं, साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात, घर महिनाभर बंद राहिलं की ते आटतं.

खात्री करायला जाळी काढून टॉर्च मारा. पाणी दिसत नसेल तर दोन लिटर पाणी सावकाश ओता, खिडकी उघडा. अर्ध्या तासात वास थांबला तर कारण सापडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तर? ट्रॅपच्या काठावर अडकलेले धागे, केस आधी काढा. दिव्यातल्या वातीसारखे ते पाणी ओढून पलीकडे सोडतात. हे सहसा कुणी बघतच नाही. ट्रॅपमधली वाटी कुणी 'पाणी तुंबतं' म्हणून काढून टाकली असेल तर ती परत बसवा. मशीनने पाणी सोडताना गुडगुड आवाज येऊन ट्रॅप रिकामा होत असेल, तर गच्चीवरचा हवेचा (व्हेंट) पाइप तुंबलेला असू शकतो. तिथे प्लंबरच हवा.

गावाला जाताना ट्रॅप भरून वर दोन चमचे खाद्यतेल सोडा, पाणी उशिरा आटतं. ब्लीच आणि ॲसिड मात्र कधीही एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.